पेटीत काय होतं

मी सेनगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि दरवर्षी प्रत्येक वर्गात एकदा फळ्यावर कथेचे घटक लिहितो. पात्रं, वातावरण, संघर्ष, उत्कर्षबिंदू, शेवट. शेजारी एक रेघ डोंगरासारखी वर चढवायची, टोकाशी 'उत्कर्षबिंदू' असं लिहायचं आणि पलीकडून खाली उतरवायची. मुलं ते उतरवून घेतात, परीक्षेत जसंच्या तसं ओकतात आणि मोकळी होतात. मीही मोकळाच होत असे. त्या रेघेच्या टोकावर एखादा माणूस उभा असेल तर त्याच्या पायाखाली काय होत असेल, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

यंदापासून ती रेघ काढताना माझा हात अडतो. कारण त्या टोकावर मी एक माणूस उभा असलेला पाहिला आहे, आणि तो माझ्या ओळखीचा होता.

ते आखाडा बाळापूरकडचे बांगडीवाले. साठी ओलांडलेली, मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर पांढरी टोपी आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीनं आवळलेली हिरवी पत्र्याची पेटी. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायचो. ते मला गुरुजी म्हणत, जरी ज्युनिअर कॉलेजवाल्यांना 'सर' म्हटलेलं जास्त आवडतं. माझ्या बायकोला बांगड्या भरायला ते पहिल्यांदा आमच्या दारी आले आणि ओसरीवर पेटी उघडून बसले, तेव्हापासूनची ओळख.

काचेची बांगडी भरायची तर हात सैल लागतो. पण दुखेल या भीतीनं बाईचं सगळं लक्ष हाताकडे असतं, आणि लक्ष गेलं की हात आखडतो. यावर चाचांचा उपाय गोष्टीचा. हात हातात घेतला की गोष्ट सुरू. ऐकणाऱ्या बाईनं मध्ये मध्ये "मंग?" म्हणायचं, ही अट. हुंकार दिला नाही तर चाचा तिथंच थांबत आणि बांगडीही थांबे. गोष्ट रंगात आली, बाईच्या तोंडून अगदी आतून "मंग?" निघालं, की त्याच क्षणी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकून मनगटात गेलेली असे. माझ्या बायकोचा हात लाकडासारखा. तिच्याही हातात बारीक मापाच्या बांगड्या गेल्या, आणि एकही वाढवावी लागली नाही. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

आता त्यांची खोड सांगतो. चाचा गोष्ट पुरी करत नसत. हात भरून झाले की ऐन मोक्याच्या जागी पेटीचं झाकण लावायचं आणि "बाकीची पुढच्या फेरीला" म्हणून उठायचं. बायको चिडायची. मी एकदा स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पिताना त्यांना म्हटलं, "चाचा, ही सरळसरळ लबाडी आहे."

"पुरी केली तं दुसऱ्या टायमाला दार कोन उघडंल, गुरुजी? बांगड्या काय, बाजारात बी भेटतात."

म्हातारा भारी बढाईखोर होता. कुठल्या गावात कुठल्या जागी गोष्ट तोडली आणि बाया कशा हळहळल्या, हे तो मिशीवरून हात फिरवत सांगायचा. बाया दिवसा गोष्ट ऐकायला आधी कुरकुरायच्या, कारण दिवसाढवळ्या गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे घरोघर मानतात. चाचा म्हणायचे, "ज्याच्या त्याच्या मामानं आपलं आपलं बघावं. माझं पोट दिवसाच भरतं."

साखऱ्याकडच्या एका गावात, नाव मुद्दाम सांगत नाही, त्यांनी अशीच एक गोष्ट तोडली. तीही मला चहावरच कळली. गावाबाहेर विहीर. एक लहान पोरगी पाण्याला जाते. काठावर एक अनोळखी माणूस पेटी घेऊन बसलेला. तो म्हणतो, पोरी, या पेटीत काय आहे ते ओळख. पोरगी वाकते आणि झाकणाला हात लावते.

"आन् इथं तोडली," चाचा म्हणाले. "त्या घरची बारकी पोर अशी येडी झाली गुरुजी, माझ्या स्कूटरच्या मागं फाट्यापर्यंत पळत आली. चाचा, पेटीत काय व्हतं, पेटीत काय व्हतं! मागून एक ट्रॅक्टरवाला येऊन राहिला, त्यानं तिला बसवून घरी नेली." ते पोट धरून हसले आणि मीही हसलो. जागा खरंच बिनतोड होती.

त्यानंतर त्यांच्या घरात पुतणीचं लग्न निघालं आणि त्या बाजूची फेरी लांबली.

त्याच दिवसांत फोनवर ते मेसेज फिरायला लागले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, लेकरं सांभाळा, पुढे पाठवा. आमच्या स्टाफरूममध्ये रोज एकाच्या तरी फोनवर तो येई. मी मराठीचा मास्तर, मला त्यातल्या मजकुराचा गचाळपणाच आधी दिसायचा. गावाचं नाव नाही, माणसाचं वर्णन नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. यात पात्रच नाही, याला कोण घाबरणार, असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं. पात्र पुरवायला गावं समर्थ असतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

अमावस्येचा दिवस होता. मी बारावीच्या वर्गात ती डोंगराची रेघ काढली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, आपल्या आसपासची एखादी गोष्ट कोण सांगेल? त्या साखऱ्याकडच्या गावची एक मुलगी उठली. एरवी हजेरीलाही मान वर न करणारी. ती म्हणाली, "सर, आमच्या गावात घडली ती सांगू?"

ती सांगू लागली. गावात एक पेटीवाला येतो. बायांमधी बसतो, गोड बोलतो, लेकरांना नादी लावतो. एका पोरीला त्यानं पेटीतलं काहीतरी हुंगवलं. ती भुलल्यासारखी त्याच्या स्कूटरमागं चालायला लागली. फाट्यावर त्याची जीप उभी होती. तेवढ्यात देवासारखा एक ट्रॅक्टरवाला आला आणि त्यानं पोरीला सोडवलं.

वर्ग पुढे झुकला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मंग?"

फळ्यावरचं सगळं तिच्या गोष्टीत जागच्या जागी बसलं होतं. स्कूटर तीच, फाटा तोच, ट्रॅक्टर तोच आणि पोरगीही तीच, फक्त पळणारं लेकरू आता पळवलं जाणारं लेकरू झालं होतं. मी विचारलं, "जीप कुणी पाहिली?"

"समदेच सांगून राहिले, सर."

"अगं, तो बांगडीवाला आहे. मी ओळखतो त्याला."

ती जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "तो आज येनार हाय, सर. त्यानंच त्या पोरीच्या आईला फोन करून सांगितलं, अमावस्येला येतो म्हून. मानसं सकाळपासून पारावर बसून हायत."

आमच्याकडे अमावस्येला औत धरत नाहीत. गडीमाणसं गावातच असतात आणि बायाही घरी असतात, म्हणून चाचा तोच दिवस धरत. मी वर्ग तसाच सोडला. व्हरांड्यातून चाचांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. फेरीवर असताना फोन फुटू नये म्हणून ते तो कागदात गुंडाळून पेटीत ठेवत, आणि स्कूटरच्या आवाजात त्यांना तो कधीच ऐकू येत नसे. हे मला माहीत होतं, तरी मी तीन-चारदा लावला. मग मोटारसायकल काढली.

रस्त्यावर काहीच वेगळं नव्हतं, याचीच मला जास्त भीती वाटली. तूर फुलावर होती. टपावर माणसं घेऊन एक जीप समोरून गेली आणि ड्रायव्हरनं मला ओळखून हात केला. मी मनात हिशेब करत होतो, पात्र तयार आहे, वातावरण तयार आहे, संघर्ष पारावर बसलेला आहे, आता फक्त टोक राहिलं. असलं काही डोक्यात यावं याची मला लाज वाटत होती, पण ते येत होतं.

पाराजवळ पोचलो तेव्हा स्कूटर आडवी पडलेली होती. पेटी दोरीसकट सोडवून पाराच्या कडेला ठेवली होती आणि तिच्याभोवती चांगली ऐसपैस मोकळी जागा सोडली होती, जणू ती चावेल. चाचा तिच्याशेजारी उकिडवे बसले होते. टोपी डोक्यावर नव्हती. गालावर बोटं उमटलेली दिसत होती. पाच-सहा जणांनी फोन वर धरले होते आणि एकाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, पातं नसलेला.

मी गर्दीत घुसलो आणि म्हणालो, "मी यांना ओळखतो. हे बांगड्या भरतात."

"तुमी कोन?"

"मी सेनगावला शिकवतो."

"मास्तर बी त्यातलाच असंल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन माणसं माझ्या दोन्ही अंगांना येऊन उभी राहिली. मी घाबरलो. मला वाटलं होतं, सेनगावचा मास्तर म्हटल्यावर वाट होईल. तीस वर्षं खडू झिजवून मिळवलेला आवाज तिथं चालेना.

फाट्यापर्यंत पळालेल्या त्या पोरीचा बाप पुढे उभा होता. काळाकभिन्न, घामेजलेला, आणि माझ्याइतकाच घाबरलेला, हे मला तेव्हाही दिसत होतं. तो चाचांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "पेटीत काय हाय?"

"बांगड्या, बाबा. चावी घे, उघडून बघ," चाचा कमरेची चावी सोडायला बघत होते.

"उघडू नका," दांडेवाला ओरडला. "औषध हाय त्यात. वास गेला की गुंगी येती."

आणि कुणीही उघडेना. ही त्या गोष्टीची करामत होती. चाचांना वाचवू शकेल अशी एकच वस्तू त्या पारावर होती, आणि गोष्टीनं आधीच सांगून ठेवलं होतं की तिला हात लावायचा नाही. "तोंडानं सांग, काय हाय," बाप म्हणाला. तोंडानं ते सांगतच होते, पण ते कुणाला खरं वाटत नव्हतं. दांडेवाला एक पाऊल पुढे आला. चाचांनी डोळे मिटले.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून एक बारीक आवाज आला. "चाचा, पेटीत काय व्हतं?"

ती तीच पोरगी होती. आईच्या पदराआडून तोंड काढून विचारत होती. तिला समोरच्या पेटीचं काही नव्हतं. तिची पेटी विहिरीच्या काठावरची. कधीपासून ती हा एकच प्रश्न घेऊन बसली होती. पण तिचा बाप तोच प्रश्न विचारत होता, सगळा गाव तोच विचारत होता, त्यामुळे पारावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

चाचांनी डोळे उघडले. मग सवयीनं, खरंच निव्वळ धंद्याच्या सवयीनं म्हणाले, "कुठवर आलतो आपन?"

"तिनं झाकनाला हात लावला," पोरगी म्हणाली.

"हां. तिनं झाकनाला हात लावला." चाचा थांबले. हुंकार आला नाही. त्यांना हुंकाराशिवाय पुढे जाता येत नसे. ते गर्दीकडे बघत राहिले. मी जीव एकवटून म्हणालो, "मग?" आवाज असा फाटका निघाला की लोक माझ्याकडे बघायला लागले, आणि मला वाटलं आपण उलट सगळं बिघडवलं. बाहेरच्याच्या हुंकाराला तिथं काही किंमत नव्हती.

मग पोरीची आई म्हणाली, "मंग?"

नवऱ्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही.

"मंग तो मानूस बोलला," चाचा सांगू लागले, "पोरी, थांब. आधी तुझ्या मायचं नाव सांग. पोरीनं सांगितलं. ते ऐकून तो ढसाढसा रडायला लागला."

"मंग?" दुसरी एक बाई.

"तो तिचा मामा व्हता. बहिनीच्या लग्नाला चुडा घेऊन बाजारातून निघाला व्हता. पन घरी भाचरं बसली व्हती दिवसा गोष्टी सांगत. मामा वाट चुकला. असा चुकला की या गावाहून त्या गावाला फिरतच राहिला. वाट सापडली तवर बहिनीची पोरगी पानी भरायच्या वयाची झाली."

बायांमध्ये खुसखुस झाली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "म्हून तं मी वरडते, दिवसा गोष्टी करू नका." त्यावर एकदोन पुरुषही हसले. दांडेवाल्यानं दांडा जमिनीला टेकवला.

"मंग, पेटीत?" पोरगी आता पुढे आली होती.

"पेटीत हिरवा चुडा व्हता, बेटी. दुसरं काय असनार?"

पोरीची आई पुढे झाली. त्या मोकळ्या जागेत, जिथं कुणी पाय ठेवत नव्हतं, तिथं जाऊन ती पेटीसमोर बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "भरा." बापानं रुमाल नाकाला लावला. चाचांनी पेटी उघडली. वर्तमानपत्रात बांधलेली बांगड्यांची बंडलं होती, आणि कोपऱ्यात गुंडाळलेला फोन. माझे कॉल त्यावर पडलेले असणार.

त्या दिवशी त्यांनी गोष्ट न सांगता बांगडी भरली. पहिलीच बांगडी तिच्या हातात तुटली आणि काचेनं चीर पडली. रक्ताचा थेंब आला. "वाढली," ती एवढंच म्हणाली. हात तिनं मागे घेतला नाही.

माफी कुणी मागितली नाही. स्कूटर दोघांनी उभी केली, टोपी कुणीतरी झटकून आणून दिली. पोरीच्या बापानं चाचांना पाणी पाजलं आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "आमाला काय ठाव? फोनवर आलं." मी चाचांच्या मागे मागे सेनगावपर्यंत आलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. ते बशीत चहा ओतत होते आणि तो सांडत होता.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "चाचा, शेवट झकास जमला. मामा अगदी वेळेवर आणलात."

"तो शेवट न्हाई, गुरुजी."

"म्हणजे?"

"आमचे अब्बा सांगायचे त्याचा शेवट तो न्हाई. त्यात पोरगी झाकनाला हात लावते, तवर गावची मानसं येतात. अनोळखी मानूस, पेटी, पोरगी. बघतात आन् तिथंच त्याला मारून टाकतात. मंग पेटी उघडतात. मंग चुडा निघतो." ते बशीकडे बघत होते. "मला त्या गावात तोच सांगायचा व्हता. पुढच्या फेरीला."

मी माझी बशी खाली ठेवली. मग मास्तरासारखा प्रश्न विचारला, कारण मला दुसरं काही विचारायला येत नाही. "पण त्या पोरीनं का नाही सांगितलं, की हा मला काही करत नव्हता?"

"तिला कुनी इचारलंच न्हाई," चाचा म्हणाले.

नंतर मला कळलं की त्यांनी त्या बाजूची गावं सोडली. घरी बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून दुसरीकडे, जिथं त्यांना कुणी ओळखत नाही अशा गावांना ते जायला लागले. मी समजावलं, थोडे दिवस थांबा. ते म्हणाले, गोष्ट सांगनं बंद केलं गुरुजी, आता नुसत्या बांगड्या. माझ्या बायकोची गोष्टही अर्धीच राहिली आहे. ती आता पुढचं विचारत नाही.

परवा बारावीच्या वर्गात ती मुलगी स्वतःहून उठली. म्हणाली, "सर, तो पेटीवाला चांगला निघाला. आमच्या गावात समदे मानतात आता." मला बरं वाटलं. मी तिला बस म्हणालो. ती बसली नाही.

"पन खरा दुसराच हाय, सर. तो बी दाढीवालाच हाय म्हनं, त्याच्याकडं बी हिरवीच पेटी हाय. तो गोष्ट सांगत न्हाई, काईच बोलत न्हाई. नवनव्या गावांला जाऊन राहिला."

वर्ग पुढे झुकला. "मंग?" कुणीतरी म्हणालं, आणि मग दोघंतिघं एकदम म्हणाले.

मी खडू ठेवला आणि व्हरांड्यात येऊन फोन लावला. रिंग वाजत होती. फोन पेटीत असणार, आणि पेटी बंद असणार. मी तो वाजू दिला.